‘झालं का रे तुझं?’

थंडीत रूमवरच्या गॅस गिझरचं गरम पाणी म्हणजे सुखच. पण त्या गिझरचा धूर जातो कुठे, हे आपण कधी बघितलंय? भिवपुरीच्या एका रूमवर हा प्रश्न एका सकाळी बाथरूमची कडी तोडून बाहेर आला.

सबमिशनचा दिवस. भिवपुरी रोड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरची रूम. चार मुलं, एक बाथरूम आणि नऊच्या आत कॉलेजला पोचायचंय. डिसेंबरची सकाळ, माथेरानच्या बाजूने गार वारं येतंय, त्यामुळे गिझरशिवाय आंघोळीला कुणी तयार नाही. पहिला गेला, आला. दुसरा गेला, आला. तिसरा नंबर माझ्या मावसभावाचा. चौथा टॉवेल खांद्यावर टाकून दाराबाहेर उभा.

‘‘झालं का रे तुझं?’’

उत्तर नाही. आत पाण्याचा आवाज चालूच. दोन मिनिटांनी परत हाक. परत उत्तर नाही. चौथा मुळातच घाईतला, त्यात त्याचं जर्नल अजून अर्धं बाकी. तो वैतागला आणि दार बडवायला लागला. बडवूनही आतून साधं ‘थांब ना’सुद्धा आलं नाही, तेव्हा मात्र तो घाबरला. तिघांनी मिळून लाथा घातल्या आणि कडी तुटली.

आत बादली भरून वाहत होती आणि माझा भाऊ भिंतीला टेकून, मान टाकून बसलेला. तिघांनी त्याला उचलून गॅलरीत आणलं. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले, उलटी केली आणि म्हणाला, ‘‘डोकं फुटतंय.’’

रात्रभर जागरण, पोटात काही नाही, त्यामुळे चक्कर आली असणार, असा निष्कर्ष मुलांनी काढून टाकला. तो झोपणारच होता. पण खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकूंनी ऐकलं नाही. रिक्षात घातलं आणि कर्जतला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, ‘‘बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का?’’

दिवसभर ऑक्सिजनचा मास्क लावून ठेवल्यावर संध्याकाळी त्याला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी फोनवर मला हसत म्हणतो, ‘‘ताई, तुमच्या पेपरात आलं असतं माझं नाव.’’ मला काही हसू आलं नाही. रविवारी लोकल पकडली आणि भिवपुरीला गेले.

वास आला नाही, म्हणूनच

तिथे गेल्यावर कळलं, की सगळ्यांनी आपापल्या परीने तपास केलेला होता. काकूंनी सिलिंडर बघितला, रेग्युलेटर बघितला, रबरी नळी तर दिवाळीतच बदललेली. मुलांनी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तेही पाहिलं. कुठेही लीक नाही. ‘‘गॅसचा वाससुद्धा नव्हता गं,’’ काकू परत परत सांगत होत्या.

सगळा घोळ इथेच आहे. आपल्याला लहानपणापासून माहीत असलेला ‘गॅसचा वास’ हा न जळलेल्या गॅसचा. एलपीजीला स्वतःचा असा वास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. पण गिझरमध्ये गॅस जळतो आणि जळल्यावर तो वासही जळून जातो. उरतो तो धूर, आणि तोही न दिसणारा.

गॅस नीट जळला तर धुरात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ असते. हवा कमी पडली, की जळणं अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून जास्त पट घट्ट धरतं. म्हणजे फुप्फुसं श्वास घेतायत, रक्त फिरतंय, पण ऑक्सिजनच्या सीटवर दुसरंच कुणी येऊन बसलंय. आधी डोकं जड होतं, मग गरगरतं, मग पाय लुळे पडतात. धोका लक्षात येईपर्यंत कडी काढायची ताकद उरत नाही.

म्हणजे गळती शोधून चालणार नव्हतं. गिझरचा धूर बाहेर जातो कुठून, हे शोधायला हवं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन वर बघितलं. झरोका होता, काचेच्या पट्ट्यांचा. पण त्यावर आतून कॉलेज फेस्टच्या फ्लेक्सचा तुकडा चिकटपट्टीने पॅक केलेला.

‘‘हे कुणी लावलं?’’

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. ‘‘गार वारं येतं ना ताई...’’

इंजिनीअर मंडळी, हिशेब करा!

चौघेही इंजिनीअरिंगचे. म्हटलं, बसा आणि गणित करा. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी केलेलं गणित तुम्हीही पडताळून बघा.

रूमवरचा गिझर मिनिटाला सहा लिटरचा. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं, तर साधारण साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. वाया जाणारी धरली तर गॅस जळतो बारा-साडेबारा किलोवॉटचा. स्वयंपाकघरातले पाच-सहा बर्नर एकदम मोठे करून ठेवल्यासारखं हे आहे. या हिशेबाने दहा मिनिटांत साधारण १६० ग्रॅम गॅस जळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला जवळजवळ १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या एका आंघोळीला दोन घनमीटर, अर्थात दोन हजार लिटर हवा.

आता बाथरूम मोजलं. चार बाय पाच फूट, उंची आठ फूट. एकूण १६० घनफूट, म्हणजे साडेचार हजार लिटर हवा. झरोका बंद, दार बंद. दोन आंघोळींत त्या खोलीतल्या जवळपास सगळ्या हवेतला ऑक्सिजन लागेल, असा हिशेब आला! दाराच्या फटीतून थोडी हवा येते, मधे दार उघडलं जातं, म्हणून प्रत्यक्षात तेवढं होत नाही. पण ज्योत बिघडायला ऑक्सिजन संपावा लागत नाही, थोडा कमी झाला तरी पुरतो. पहिले दोघं ‘नशीबवान’ का आणि तिसराच का पडला, हे त्या पानावर स्पष्ट दिसत होतं.

मुलं बराच वेळ गप्प होती. मग चौथा उठला आणि त्याने फ्लेक्स टरकावून काढला.

भिवपुरीत गॅसच का?

भिवपुरीत १९२२पासून टाटांचं जलविद्युत केंद्र आहे. वर घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी खाली उतरतं, त्यावर वीज होते आणि ती मुंबईला जाते. शंभर वर्षांपूर्वी मुंबईला वीज देणाऱ्या गावात रूमवरची पोरं मात्र पाणी गॅसवर तापवतात. कारणं साधी आहेत. भाड्याच्या खोलीत वायरिंग जुनं, इलेक्ट्रिक गिझरला मालक ‘बिल कोण भरणार?’ म्हणून नको म्हणतात, पावसात लाइट गेली की सगळंच ठप्प. गॅस गिझर छोटा, स्वस्त आणि चालू केला की लगेच गरम पाणी. त्याच्याबद्दल तक्रार काहीच नाही. फक्त त्याला श्वास घ्यायला हवा लागते आणि उच्छ्वास टाकायला वाट लागते.

धुराड्याच्या शोधात

काकूंच्या ओळखीचे एक गॅस गिझर दुरुस्त करणारे काका आहेत. त्यांच्यासोबत मी आणि भाऊ डिकसळपर्यंतच्या सात रूम फिरलो. टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि अगरबत्तीचा पुडा एवढंच काकांचं सामान. अगरबत्ती कशाला, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘बघशील.’’

गिझर दोन प्रकारचे दिसतात. एकाला धुराचा पाइप नसतोच, धूर वरच्या जाळीतून थेट खोलीत येतो. हे गिझर बाथरूमच्या आत लावणं म्हणजे आपणहून संकट बोलावणं. दुसऱ्याला डोक्यावर पाइप जोडलेला असतो, म्हणजे छोटं धुराडंच. हा पाइप धूर बाहेर नेतो. नेतो, असं आपण समजतो.

एका रूमवर पाइप छान चकचकीत होता. काका स्टुलावर चढले, टॉर्च मारला आणि हसले. पाइप भिंतीतून बाहेर न जाता वरच्या माळ्यात सोडलेला. धूर माळ्यात साठतोय आणि तिथून परत खाली उतरतोय.

दुसऱ्या ठिकाणी पाइप भिंतीबाहेर होता, पण तोंडाशी साळुंकीचं घरटं. सुटीत मुलं दोन महिने घरी गेली होती, तेवढ्यात तिने संसार थाटलेला. तिसऱ्या ठिकाणी पावसाळ्याने पाइप गंजवलेला, सांधा निसटून दोन बोटं फट पडलेली. चौथीकडे कुणीतरी पैसे वाचवायला पीव्हीसीचा पाइप लावलेला, तो उष्णतेने वाकून मऊ पडलेला. एका रूमवर पाइप बाहेर काढून पुन्हा खाली वळवलेला, कारण ‘पावसाचं पाणी आत येतं’. गरम धूर वर चढतो. त्याला खाली उतरवायला लागलो, तर तो खोलीतच मुक्काम करतो. पाऊस अडवायला पाइपच्या तोंडावर टोपी बसवतात, पाइप खाली वळवत नाहीत.

आता अगरबत्ती. गिझर चालू करून काका चार-पाच मिनिटं थांबायचे आणि मग पेटती अगरबत्ती गिझर आणि पाइप जुळतात त्या जागेजवळ धरायचे. धुराची रेघ आत ओढली गेली, तर पाइप काम करतोय. धूर तिथेच घुटमळला किंवा आपल्याकडे ढकलला गेला, तर गिझरचा धूरही खोलीतच येतोय. तिथल्या तिथे गिझर बंद. हीच टेस्ट एक्झॉस्ट फॅन चालू ठेवूनही करायची. बंद खोलीत फॅन हवा बाहेर ओढतो, तेव्हा ती हवा कुठून तरी आत यावी लागते. बाहेरून वाट नसेल तर ती पाइपातूनच उलटी येते, येताना धूर घेऊन. म्हणजे ‘फॅन आहे ना’ म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही.

काकांनी ज्योतही दाखवली. नीट जळणारी ज्योत निळी आणि स्थिर असते. पिवळी, लांब, फडफडणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय किंवा बर्नर घाण झालाय. गिझरच्या वर भिंतीवर काळा पट्टा दिसला तर ती काजळी. ती बाहेर दिसतेय म्हणजे आतल्या तांब्याच्या पात्यांमध्येही साठलेली असणार. धूर त्या पात्यांमधून वर जातो. वाट बुजली की ज्योत आणखी बिघडते, आणखी काजळी धरते. म्हणून बाहेरून फडकं मारून भागत नाही, वर्षातून एकदा जाणकाराकडून गिझर खोलून साफ करावा लागतो.

सातपैकी दोनच रूम काकांनी पास केल्या. त्यातल्या एका ठिकाणी गिझर उघड्या गॅलरीत होता आणि नळीने फक्त गरम पाणी आत आणलेलं. ‘‘सगळ्यात सोपं हेच,’’ काका म्हणाले, ‘‘पाणी आत, आग बाहेर.’’ एकच अट, की गॅलरी खरंच उघडी हवी. स्लायडिंगच्या काचा लावून बंद केलेली गॅलरी म्हणजे पुन्हा खोलीच.

सणाच्या दिवशीची आंघोळ

हे फक्त भिवपुरीचं नाही. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत दहावीत शिकणारी १५ वर्षांची मुलगी बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली. तिथेही गॅस गिझर होता. उपचार सुरू असताना ती गेली. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला धुळवडीनंतर एक जोडपं घरातल्या बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हाही गिझरच्या वायूने गुदमरल्याचाच प्राथमिक अंदाज होता.

धुळवडीचा रंग पाच मिनिटांत निघत नाही. दिवाळीत अभ्यंगस्नानाला पहाटे घरातली सगळी एकामागून एक बाथरूममध्ये जातात, बाहेर थंडी म्हणून खिडक्या बंद. हॉस्टेलवर परीक्षेचा दिवस म्हणजे तसंच. जास्त वेळ, लागोपाठ नंबर आणि बंद झरोका, हे तिन्ही जुळून येणारे दिवस आपल्या कॅलेंडरमध्ये आधीच छापलेले आहेत. म्हणून गिझरची तपासणी पावसाळा संपल्यावर, फराळाच्या तयारीआधी उरकून टाकावी. पावसाने गंजलेलं, पाखरांनी बुजवलेलं सगळं तेव्हाच सापडतं.

डॉक्टरांना ‘गिझर’ हा शब्द सांगा

मावसभावाच्या डॉक्टरांनी पहिल्याच वाक्यात गिझर विचारलं म्हणून बरं. नाहीतर चक्कर, ॲसिडिटी, उपास, बीपी यातच दिवस गेला असता. बाथरूममध्ये झटका आलेल्या रुग्णाला फिट्सचा आजार असल्याचं समजून उपचार सुरू झाले आणि खरं कारण गिझर निघालं, अशा केसेस भारतातल्या न्यूरॉलॉजिस्टांनी नोंदवल्या आहेत. त्याला त्यांनी ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नावही दिलंय.

आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. कोविडमुळे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आता खूप घरांत आहे. पण साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही. माणूस गुदमरलेला असतो आणि आकडा ९८ दाखवतो. तेव्हा आकडा बघून ‘ठीक आहे’ म्हणू नका. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला, की तेच काम साधारण एक-दीड तासात होतं. म्हणून शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच.

हे कुणाचं काम?

परत आलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. मी जरा तावातच विचारलं, की झरोका बंद होता ते तुम्ही कधी बघितलं नाही का? त्या म्हणाल्या, ‘‘मी पोरांच्या बाथरूममध्ये कशाला जाईन गं?’’ बरोबरच होतं. मुलं म्हणाली, ‘‘आम्हाला वाटलं, गिझर मालकांचा, म्हणजे तो नीट आहे की नाही ते तेच बघणार.’’ तेही समजण्यासारखं. गिझर मालकाचा, फ्लेक्स मुलांचा, पाइप कुणीतरी कधीतरी लावलेला आणि धूर कुणाचाच नाही. भाडेकरारात पंख्यांची संख्या लिहिलेली होती, गिझरबद्दल एक शब्द नव्हता.

त्या दिवशी काकूंनी गिझर काढून मागच्या उघड्या पॅसेजमध्ये लावायचं कबूल केलं. मुलांनी झरोका उघडा ठेवायचं आणि वर्षाची सर्व्हिसिंग विसरू न द्यायचं कबूल केलं. कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. रूम घेताना वायफाय, पाणी आणि मेस किती लांब हे आपण विचारतोच. ‘गिझर कुठे आहे आणि त्याचा धूर कुठे जातो?’ हेही विचारूया. मालकाला उत्तर देता आलं नाही, तर आपणच स्टुलावर चढून बघायचं.

जाता जाता काकूंनी एक आठवण सांगितली. त्यांच्या सासूबाईंचा तांब्याचा बंब होता, अजून माळ्यावर आहे. मधोमध धुराचं नळकांडं, भोवती पाणी. तो बंब कायम परसात पेटायचा, पाऊस असला तर पडवीत. घरात कधीच नाही. ‘‘सासूबाई म्हणायच्या, धुराला आभाळ लागतं,’’ काकू म्हणाल्या. त्यांनी हिमोग्लोबिन हा शब्द ऐकला असेल-नसेल, पण बंब कुठे ठेवायचा ते त्यांना पक्कं माहीत होतं.

मावसभावाच्या रूमवर आता नवा नियम आहे. आंघोळीला गेलेल्याला बाहेरच्याने दर पाच मिनिटांनी हाक मारायची आणि आतल्याने ओ द्यायची. आधी मुलं यावर वैतागायची, आता आतून गाणी म्हणतात. परवा फोन केला तेव्हा मागून चौथ्याचा आवाज आला, ‘‘झालं का रे तुझं?’’ आणि लगेच बाथरूममधून भाऊ ओरडला, ‘‘नाही झालं, थांब!’’

इतकं छान उत्तर मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

रूमवर चिकटवून ठेवा

• गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत. आत असेलच तर धुराचा पाइप आणि कायम उघडा झरोका, दोन्ही हवेत.

• पाइप धातूचा, वर चढत जाणारा, कमीत कमी वळणांचा. तोंड थेट आभाळाखाली, कुठल्याही खिडकीजवळ नाही. माळा, डक्ट किंवा बंद गॅलरीत अजिबात सोडू नका.

• पावसाळ्यानंतर आणि लांब सुटीवरून आल्यावर पाइप बघा : गंज, निसटलेले सांधे, घरटी, गांधीलमाश्यांची पोळी.

• महिन्यातून एकदा अगरबत्तीची टेस्ट. त्याआधी साबणाच्या पाण्याने गळती नाही ना, हे पाहून घ्या. गॅसचा वास येत असेल तर काहीही पेटवू नका.

• ज्योत पिवळी, भिंतीवर काजळी, आंघोळीनंतर रोज डोकं दुखणं : यातलं काहीही दिसलं, की गिझर बंद करून मेकॅनिकला बोलवा.

• गिझर आतच असेल तर तो बाहेर हलेपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मग आंघोळ करा. लागोपाठ नंबर लावू नका, मधे हवा खेळू द्या.

• गॅसगळतीचा अलार्म कार्बन मोनॉक्साइड पकडत नाही. त्यासाठी वेगळा अलार्म मिळतो, तो घ्या.

• कुणी पडलं तर दार उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा आणि १०८ला फोन करा. आत रेंगाळू नका, तो वायू तुमच्यासाठीही तोच आहे.

• गॅसगळतीसाठी तातडीचा नंबर : १९०६.